शिडाच्या नौकेसाठी मोबाइलचा बाहेरचा अँटेना: आधी केबल, मग डीबीआय

मुंबई बंदरात उभ्या असलेल्या शिडाच्या नौकांवर आता मोबाइल डेटाचे राउटर बसू लागले आहेत, आणि मालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: अँटेना किती डीबीआयचा, म्हणजे सिग्नल एका दिशेला किती एकवटणारा, घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. अँटेना किती उंचीवर बसणार, तिथून राउटरपर्यंत किती मीटर केबल लागणार आणि वाऱ्यावर नौका किती कलणार, एवढे ठरले की डीबीआयचा आकडा फारसा वादाचा उरत नाही. पुढचा सगळा हिशेब तीसेक फुटांच्या, पावसाळा संपल्यावर मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण-गोव्याकडे जाणाऱ्या नौकेचा आहे.

पृथ्वीच्या वक्रतेमुळे टॉवर आणि अँटेना यांना एकमेकांची ‘नजर’ किती अंतरापर्यंत मिळते, हे काढण्याचे सूत्र सोपे आहे. दोन्हींच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज ४.१२ ने गुणली की किलोमीटर मिळतात. किनाऱ्यावरचा टॉवर ४० मीटर उंच धरला, तर केबिनच्या छपरावर, पाण्यापासून २ मीटरवर बसवलेल्या अँटेनाला तो सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत दिसतो, स्प्रेडरवर, म्हणजे डोलकाठीच्या मध्यावरच्या आडव्या दांड्यावर, साडेसहा मीटर उंचीवरून साधारण साडेछत्तीस आणि डोलकाठीच्या टोकावर, १२ मीटरवरून, चाळीसच्या थोडा पुढे. म्हणजे छपरावरून स्प्रेडरवर गेल्याने अडीच सागरी मैल मिळतात आणि स्प्रेडरवरून टोकावर गेल्याने आणखी दोन. अर्थात फायदा केवळ अंतराचा नसतो. पाण्यावरून थेट येणारी लहर आणि पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारी लहर लांबच्या अंतरावर एकमेकींना मारक ठरतात, आणि अशा वेळी अँटेनाची उंची दुप्पट केली की सिग्नल जवळपास ६ डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात चौपट, सुधारतो. टोकावर जाण्याचा मोह होतो तो यामुळेच.

हा मोह केबल मोडीत काढते. बाजारात सहज मिळणारी, नौकेवरच्या बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओसाठी अनेकांनी वापरलेली आरजी-५८ ही बारीक केबल मोबाइलच्या ८५० मेगाहर्ट्झ लहरींवर मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खाते आणि १८०० वर पाऊण डेसिबल. टोकापासून केबिनमधल्या चार्ट टेबलाजवळच्या राउटरपर्यंत १५ मीटर केबल धरली, तर १८०० मेगाहर्ट्झवर ११ डेसिबल वाटेतच जातात, म्हणजे वर पकडलेल्या सिग्नलचा बारावा हिस्सा खाली पोहोचतो. उलट दिशेचे गणित याहून वाईट आहे, कारण मोबाइलचे मोडेम कमाल २०० मिलिवॉट शक्तीने प्रक्षेपण करते. व्हीएचएफच्या २५ वॉटमधून थोडे गळले तर चालते, इथे गळायला मुळात काही नसते. एलएमआर-४०० ही जाड केबल तेवढ्याच लांबीत पावणेतीन डेसिबलवर भागवते, परंतु ती करंगळीएवढी जाड, ताठ आणि १५ मीटरला दीड किलो वजनाची आहे. हे वजन डोलकाठीत वर नेणे आणि डोलकाठीच्या पायथ्याशी तिला वळण देणे डोलकाठी आणि तिचे दोर बसवणाऱ्या कोणत्याही रिगरला आवडत नाही. शिवाय नेहमीच्या एलएमआर-४०० ची आतली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. खारे पाणी एकदा आत शिरले की ती कुजते. नौकेसाठी तांब्याच्या बारीक तारांचा पीळ असलेला लवचीक प्रकार घ्यावा, थोडे जास्त गळले तरी.

आता डीबीआय. अँटेना शक्ती निर्माण करत नाही. पिठाचा गोळा थापल्यावर भाकरी रुंद होते आणि पातळही होते, तसा तो तीच शक्ती आडवी पसरवतो. २ डीबीआयच्या साध्या अँटेनाचा उभा पट्टा (सिग्नल वर-खाली पसरण्याचा कोन) सुमारे ८० अंशांचा असतो, ९ डीबीआयच्या लांब दांड्याचा जेमतेम १५ अंशांचा. घराच्या गच्चीवर हा दांडा उत्तम काम करतो. कोकण किनाऱ्यावर मात्र परतीच्या वाटेचा विचार करा: दुपारी वायव्येचा खारा वारा भरात आलेला, नौका उत्तरेकडे वाऱ्याला धरून चाललेली आणि १५ ते २० अंश कललेली. ती कलते पूर्वेला, आणि टॉवरही पूर्वेलाच. त्यामुळे अँटेनाचा तो चपटा पट्टा किनाऱ्याच्या बाजूला थेट पाण्यात घुसतो आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या समुद्रावरच्या आकाशात जातो. नाळ (नौकेचे पुढचे टोक) आणि पिछाडीच्या दिशेला काही फरक पडत नाही, पण तिथे टॉवर नसतात. मोटरबोटीवाले मित्र ९ डीबीआयची शिफारस करतात ती त्यांच्यापुरती खरी आहे. शिडाच्या नौकेवर मी ३ ते ५ डीबीआयच्या वर जाणार नाही.

म्हणूनच माझा कौल स्प्रेडरला आहे. टोकावर आधीच व्हीएचएफचा अँटेना, वाऱ्याचे यंत्र आणि नांगराचा दिवा यांची गर्दी असते, आणि बारीक केबल वापरली तर वर मिळणारे पाच डेसिबल बहुतांश त्या जास्तीच्या साडेपाच मीटरमध्येच संपतात. स्प्रेडरची एक अडचण आहे. शेजारची ॲल्युमिनियमची डोलकाठी एका बाजूला सावली पाडते. त्यावरचा तोडगा एलटीईच्या (४जी) रचनेतच आहे, कारण राउटरला दोन अँटेनांची जोडणी असतेच. डाव्या स्प्रेडरवर एक आणि उजव्या स्प्रेडरवर एक असे दोन अँटेना बसवले, तर एकाला सावली आली तरी दुसऱ्याला किनारा दिसतो, आणि नांगर टाकून जवळच्या टॉवरसमोर उभे असताना डेटाच्या दोन प्रवाहांमुळे वेगही वाढतो. डोलकाठीपासून निदान ३५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ८५० मेगाहर्ट्झची ती एक तरंगलांबी आहे. पुढचे शीड फिरताना स्प्रेडरच्या टोकाला घासते, तेव्हा अगदी टोकही टाळावे. दोन्हींना एलएमआर-२४० ही मधल्या जाडीची केबल पुरते: दहा मीटरला ८५० वर अडीच आणि १८०० वर साडेतीन डेसिबलच्या आसपास घट.

खरेदी करताना माहितीपत्रकावरचा मोठा आकडा पाहू नये. तो बहुधा सर्वांत वरच्या बँडचा (वारंवारितेच्या टप्प्याचा) असतो, आणि लांबवर पोहोचणाऱ्या ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर तोच अँटेना कसाबसा एक-दोन डीबीआयचा निघतो. आलेख मागून ८५० जवळची रेघ वाचावी. जुन्या परदेशी अँटेनांची वरची मर्यादा २१७० मेगाहर्ट्झ असते, आपल्याकडे तर २३०० चा चाळीसावा बँड भरपूर वापरात आहे. राउटरच्या मोडेमलाही पाचवा (८५० चा) आणि चाळीसावा बँड आहे का, हे त्याच वेळी पाहावे, कारण एकाच मॉडेलच्या देशागणिक आवृत्त्या वेगळ्या असतात.

कोणताही अँटेना जिथे हात टेकतो अशा जागाही आहेत. जयगड किंवा विजयदुर्गसारख्या ठिकाणी सड्याच्या कड्याखाली, वाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकला, की टॉवर डोंगराआड जातो आणि स्प्रेडरची उंची तिथे कामाला येत नाही. शंभर-दोनशे मीटर सरकून खाडीच्या तोंडाकडे आल्यास फरक पडतो. मुंबई बंदरातली गोष्ट उलटी आहे. तिथे उंचावरच्या अँटेनाला इतके टॉवर एकदम ऐकू येतात की सिग्नलची पातळी उत्तम असूनही गोंगाटामुळे वेग पडतो. अशा वेळी राउटरवर सिग्नलच्या ताकदीऐवजी एसआयएनआरचा, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती याचा, आकडा पाहावा आणि केबिनमधला छोटा अँटेना जोडून बघावा.

सिग्नल वाढवणारे रिपीटर ऑनलाइन स्वस्तात दिसतात, पण दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बसवणे आपल्याकडे बेकायदा आहे. राउटरला जोडलेल्या साध्या अँटेनाची गोष्ट वेगळी. आणि यातले काहीही व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलची जागा घेत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये जरूर असावा, परंतु जवळच्या मासेमारी बोटीला तुमची हाक ऐकू जाईल ती व्हीएचएफवरच.

केबल ओढण्याचे काम पावसाळ्यात, नौका किनाऱ्यावर आणि डोलकाठी आडवी असतानाच उरकावे. जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, तिच्यावर ऊन झेलणारी साधी टेप चढवावी, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाते.