उसने अवसान

हात पसरण्याच्या प्रकारांत मराठीने बारकाईने फरक केलेला आहे. वस्तू आधी आणून पैसे मागाहून द्यायचे असतील तर ती उधारी; व्याज आणि मुदत ठरवून घेतलेली रक्कम म्हणजे कर्ज; आणि जेवढे घेतले तेवढेच, व्याजाशिवाय, चार दिवसांनी परत करायचे ते उसने. या तिसऱ्या शब्दाला आणखी एक जोड मिळालेली आहे, ती म्हणजे उसने अवसान. आतून धीर खचलेला असताना वरवर आणलेल्या धिटाईला आपण असे म्हणतो, आणि म्हणताना आपल्या स्वरात थोडी कीव आणि थोडी थट्टाही असते. (संस्कृतात अवसान या शब्दाचा अर्थ शेवट असा आहे, हे मला फार उशिरा कळले, आणि महिनाअखेरीच्या संदर्भात ते चपखलही वाटले.)

गेली सहा वर्षे मी हे अवसान अक्षरशः उसने घेत आले आहे आणि अधूनमधून देतही आले आहे. आम्ही पाच जण आहोत. त्यांतल्या दोघींशी माझी मैत्री शाळेपासूनची, एक जण जुन्या नोकरीतला सहकारी, आणि पाचवा त्याचा मित्र, ज्याला मी आजपर्यंत प्रत्यक्ष भेटलेले नाही, पण ज्याच्या कर्जाचा आकडा मला त्याच्या सख्ख्या भावाच्या आधी ठाऊक होता. फोनमधल्या आमच्या गटाचे नाव ‘पाच तारीख’ असे आहे, कारण सुरुवातीला आमच्यापैकी तिघांचे हप्ते महिन्याच्या त्या दिवशी खात्यातून वळते होत असत. त्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली बाकी लिहायची, एवढेच ठरलेले. आकडा लिहायचा, त्याला स्पष्टीकरण, माफी किंवा सुस्कारा जोडायचा नाही. पहिल्या वेळी तो आकडा पाठवायला मला पाऊण तास लागला. लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, आणि पलीकडच्या चौघांना माझ्या नावापुढे ‘टायपिंग’ हा शब्द उगवताना आणि मावळताना दिसत राहिला. अखेर तो गेला, तेव्हा कोणीही ‘बापरे’ म्हणाले नाही. तक्ता सांभाळणाऱ्या मैत्रिणीने फक्त ‘नोंदवला’ असे लिहिले. त्या एका कोरड्या शब्दाने मला जेवढे हलके वाटले, तेवढे कोणत्याही सांत्वनाने वाटले नसते.

गटाचा नियम एकच, आणि तो पहिल्याच दिवशी झाला: आपापसांत पैशांची देवघेव करायची नाही, आणि कोणी कोणाला जामीनही राहायचे नाही. आग्रह माझ्या जुन्या सहकाऱ्याचा होता. त्याने पूर्वी एका मित्राला जामीन राहून पुढे अडीच वर्षे त्या मित्राचेच हप्ते भरले होते. गेलेल्या पैशांबद्दल तो फारसे बोलत नाही. मित्र त्याला पाहून रस्ता बदलू लागला, हे मात्र तो आजही विसरलेला नाही. नियम ऐकायला कठोर वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला की, ‘हा महिना जड जाणार आहे’ असे कोणी लिहिले तर ती मागणीची प्रस्तावना असेल का, अशी शंका कोणाच्याही मनात येत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही आपण कोणाला पेचात टाकत आहोत असे वाटत नाही. देणेकरी आणि धनको यांच्यात जो एक पडदा येतो, तो आमच्यात येऊ शकला नाही, कारण त्या भूमिकाच आम्ही वाटून घेतल्या नाहीत.

नियमाची परीक्षा एकदाच झाली. रात्री बाराच्या सुमारास तक्ता सांभाळणाऱ्या मैत्रिणीनेच मला एकटीला लिहिले की एका हप्त्यापुरते दे, पंधरा दिवसांत परत करते. तेवढी रक्कम माझ्या खात्यात होती, आणि ती आहे हे तिला माझ्याच आकड्यांवरून कळलेले होते. मी दिली नाही. त्याऐवजी तिला विचारून मी गटाला जागे केले, आणि पहाटेपर्यंत आम्ही तिच्या खर्चाची एकेक ओळ वाचून काय पुढे ढकलता येईल ते पाहिले, हप्ता चुकण्याआधीच बँकेकडे मुदतवाढ मागणारा अर्ज तयार केला, आणि मुदत वाढली की हप्ता उतरतो पण एकूण व्याज चढते, हेही तिला खाली स्पष्ट लिहून दिले. अर्ज मंजूर झाला. तरीही पुढचे दोन महिने ती माझ्याशी मोजकेच बोलली. त्या रात्री मी पैसे दिले असते तर बरे झाले असते का, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

कर्जात पैशाच्या खालोखाल त्रास कशाचा होत असेल, तर तो न उघडलेल्या पाकिटांचा. बाजार चढत असताना गुंतवणूकदार आपले खाते पुन्हा पुन्हा उघडून पाहतात, आणि तो घसरू लागला की पाहणे कमी करतात, असे जॉर्ज लोवेनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले. या वृत्तीला अर्थशास्त्रात शहामृगाचे नाव चिकटलेले आहे. (शहामृग वाळूत डोके खुपसत नाही, तेव्हा ही त्याची विनाकारण बदनामी आहे.) आमच्यातल्या एकीकडे अशी नऊ पाकिटे टेबलाच्या खणात साठली होती. तिने व्हिडिओ कॉल लावला, फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, आणि आमच्या देखत ती एकेक पाकीट फोडत गेली. आम्ही काहीही बोलायचे नाही, फक्त समोर असायचे, असे ठरले होते. नऊपैकी चार जाहिराती निघाल्या. उरलेल्या पाचांत एक वाईट बातमी होती, पण तिने मनात धरलेल्या बातमीपेक्षा ती लहान होती. इतके महिने तिने चार जाहिरातींची धास्ती बाळगली होती, यावर ती आधी रडली आणि मग आम्हा सगळ्यांआधी हसली.

पाचवा मित्र गणितात तरबेज आहे आणि दया दाखवण्यात जरा कमी आहे. क्रेडिट कार्डाची ‘किमान देय रक्कम’ भरून मी निश्चिंत होते, तेव्हा त्याने मला बहात्तरचा नियम शिकवला: व्याजाच्या दराने ७२ ला भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ निघतो. लुका पॅचिओली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ सालच्या ग्रंथात हा नियम आढळतो, म्हणजे ही धोक्याची सूचना पाच शतके जुनी आहे. महिन्याला तीन टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. न फेडता पडू दिला तर तो २४ महिन्यांत बाकी दुप्पट करतो, आणि चक्रवाढीने वर्षाचा दर ३६ नव्हे, ४२ टक्क्यांच्याही वर जातो. घरासाठी कर्ज घेतलेल्या माझ्या सहकाऱ्यालाही त्याने असेच हिशेबाला बसवले. वर्षाला ९ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याच्या १०० भागांपैकी सुमारे ८३ भाग व्याजाचे असतात, त्यामुळे वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरूनही त्याचे मुद्दल दोन टक्क्यांनीसुद्धा खाली आलेले नव्हते. हे कळल्यावर तो दोन दिवस गटात फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिले, ‘अरे, निदान आता शत्रू दिसतो तरी आहे.’

आमचे एकमेव मोठे भांडणही हिशेबावरूनच झाले. अनेक कर्जे असतील तर सर्वांत चढ्या व्याजाचे आधी फेडावे, की सर्वांत लहान बाकी आधी संपवावी? पहिल्या मार्गाने पैसे वाचतात, हे कागदावर सिद्ध करता येते आणि गणितज्ञ मित्राने ते तीनदा सिद्ध केले. दुसऱ्या मार्गाने एक खाते लवकर बंद होते आणि माणसाला पुढचे फेडण्याचा हुरूप येतो. मी दुसरा मार्ग घेतला, थोडे अधिक व्याज भरले, आणि त्याचा मला पश्चात्ताप होत नाही. माझ्याकडे गणिताचा तुटवडा नव्हता, हुरुपाचा होता.

कामाच्या बाबतीत आमचा एकमेकांना उपयोग वेगळ्याच रीतीने होतो. रात्रपाळी करणारी मैत्रीण आणि मी, आमच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असूनही, आवाज बंद ठेवून कॉल चालू ठेवतो आणि आपापले काम करतो. दोन तासांत एखाद्या वेळी दोघी मान वर करतो, तेवढाच संवाद. नोकरी मिळवून देणे मात्र या घट्ट मैत्रीला जमले नाही, आणि त्याचे कारण समाजशास्त्राला ठाऊक आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले की नवी नोकरी बहुधा जवळच्या मित्रांकडून नव्हे तर तुरळक ओळखीच्या माणसांकडून कळते. त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे. जवळच्यांना तेच ठाऊक असते जे आपल्यालाही ठाऊक असते. माझी आजची नोकरी गटातल्या एकीच्या जुन्या वरिष्ठांच्या ओळखीतून आली. गटाने नोकरी दिली नाही, पण चौदा नकार पचवून पंधरावा अर्ज पाठवायला लावला.

या सगळ्यात खोटेपणा नसतोच असे मात्र नाही. कधी समोरच्याच्या दुःखावर एक लाल बदाम टाकून मी पुढे सरकले आहे. ‘काळजी करू नकोस’ हे वाक्य आम्ही सर्वांनी एकमेकांना कधी ना कधी लिहिले आहे, आणि ते वाचून कोणाची काळजी कमी झाल्याचे मला आठवत नाही.

गणितज्ञ मित्र दोन वर्षांपूर्वी कर्जमुक्त झाला. त्या पाच तारखेला त्याने ‘शून्य’ असे लिहिले, आम्ही आनंद केला, आणि पुढच्या महिन्यात त्याने काहीच लिहिले नाही. आपला शून्य इतरांना टोचेल, असे त्याला वाटले होते. त्याने योग्यच केले असे आम्हाला वाटायला हवे होते, पण तक्त्यातला त्याचा रकाना रिकामा पाहून चौघांनाही चुकल्यासारखे वाटले, आणि तक्ता सांभाळणाऱ्या मैत्रिणीने त्याला लिहिले, ‘बाकी कळव, उशीर झालाय.’ तेव्हापासून तो दर महिन्याला, न चुकता, सर्वांच्या आधी आपला शून्य पाठवतो. माझे अजून सात हप्ते उरले आहेत.