यवतेश्वर दिसतो का?

साताऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे आणि ती पश्चिमेला उघडते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच जून महिन्यात माझ्या लक्षात आले की, सासूबाई पावसाबद्दल थेट कधीच विचारत नाहीत. "पाऊस येईल का?" असे न म्हणता त्या देवघरातून हाक देत, "यवतेश्वर दिसतो का, बघ गं." मी खिडकीतून पाहून जे सांगेन त्यावर दिवसाची कामे ठरत. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत असेल तर कपडे गच्चीवर जायचे. माथा ढगात असेल तर ते पडवीतल्या दोरीवर. निम्मा डोंगर झाकला गेला असेल तर कपडे भिजवायचेच नाहीत. आणि डोंगराच्या जागी नुसता राखाडी पडदा असेल, तर दळण, बाजार, पाहुण्यांकडे जाणे अशी घराबाहेरची सगळी कामे आपोआप पुढच्या उघडिपीवर ढकलली जात. वेधशाळेचा अंदाज रेडिओवर लागत असे, पण तो आमच्याकडे बातमी म्हणून ऐकला जाई, सल्ला म्हणून नव्हे.

सातारा हे सपाटीवर वसलेले शहर नाही, उतारावर वसलेले आहे, ही गोष्ट नकाशा पाहून कळत नाही. ती पिंढऱ्यांना कळते. दक्षिणेला अजिंक्यताऱ्याचा किल्ला, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर, उत्तरेला खाली वेण्णा नदी आणि पूर्वेला माहुलीजवळ त्या वेण्णेचा कृष्णेशी होणारा संगम, अशा चौकटीत हे गाव किल्ल्याच्या कुशीतून नदीकडे उतरत गेले आहे. समुद्रसपाटीपासून शहराची उंची सुमारे ७०० मीटर आणि किल्ल्याची सुमारे १००० मीटर. म्हणजे आपल्या डोक्यावर उभी तीनशे मीटरची भिंत घेऊनच साताऱ्याचा माणूस भाजी आणायला निघतो. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांना कागदोपत्री मोठी नावे आहेत, परंतु बोलताना ते 'वरचा रस्ता' आणि 'खालचा रस्ता' एवढेच असतात. या गावात उत्तर आणि दक्षिण अशा दिशा फारशा वापरल्या जात नाहीत. वर आणि खाली यांवर बहुतेक व्यवहार भागतो. पश्चिमेचे मात्र तसे नाही. पश्चिम म्हणजे आमचा पाऊस.

त्याचे कारण काही गूढ नाही. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. जून महिन्यात त्या समुद्रावरून बाष्पाने लदलेले वारे निघतात, कोकणच्या पट्टीवरून येतात आणि सह्याद्रीच्या कड्याला धडकतात. हा कडा कोकणाच्या बाजूने जवळजवळ उभा आहे, त्यामुळे वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर चढताना हवेवरचा दाब कमी होतो, ती पसरते, थंड होते, आणि तिला पेलवेनासे झालेले पाणी ती घाटमाथ्यावर टाकून देते. माथा ओलांडून पूर्वेकडे उतरू लागली की उलटा प्रकार सुरू होतो. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, म्हणजे हजार मीटर उतरली तर जवळजवळ १० अंशांनी, आणि तापलेल्या हवेत ढग विरघळू लागतात. माथ्यावर ओतलेला पाऊस आमच्याकडे पोहोचेपर्यंत उरलेला पाऊस झालेला असतो. यवतेश्वराला टेकलेले ढग म्हणजे त्या उरलेल्या पावसाची पुढची रांग. ती खाली उतरणार की तिथेच विरणार, एवढाच सासूबाईंचा प्रश्न असे.

या उतरणीचे आकडे शाळेच्या भूगोलात होते, पण ते तेव्हा मला आकडेच वाटले होते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून घाट उतरू लागले की १९-२० किलोमीटरवर पाचगणी लागते, तिथे तो दोन हजारांच्याही खाली येतो. आणि आणखी बारा-तेरा किलोमीटर उतरून वाईला पोहोचावे, तर जेमतेम सातशेच्या आसपास. एस. टी. एका तासात हे अंतर उतरते. महाबळेश्वरला चढवलेला स्वेटर पाचगणीला उकडू लागतो आणि वाईच्या स्थानकावर पिशवीत जातो. एका तालुक्यातली माणसे पश्चिमेच्या भिंतीला पत्रे ठोकून पावसापासून घर वाचवतात, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माण तालुक्यात, वर्षाला पाचशे मिलिमीटर झाला तर चांगले साल म्हणतात. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये, हजार मिलिमीटरच्या आगेमागे बसलेले आहे. सीमेवरच्या गावाला दोन्हीकडची भाषा येते, तसे या गावाला छत्री आणि टँकर दोन्ही ठाऊक आहेत.

माझे माहेर त्या दुसऱ्या टोकाचे, दहिवडीचे. सातारहून कोरेगाव, पुसेगाव असे करत रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. आमच्याकडे पाऊस म्हणजे आवाज होता. दुपारी आभाळ पूर्वेकडून काळे होत यायचे, धूळ उठायची, विजा पडायच्या, तासाभरात ओढा भरून वाहायचा आणि संध्याकाळी पुन्हा तारे दिसायचे. त्यामुळे साताऱ्याच्या पहिल्या जुलैत मी गोंधळून गेले. इथला पाऊस गरजतच नव्हता. ना वीज, ना गडगडाट. सकाळी उठावे तर तो पडत असे, रात्री निजावे तर तो पडत असे, आणि मधल्या वेळात त्याचा जोर तेवढा कमीजास्त होई. डोंगराने वर ढकललेल्या हवेतून पडणारा हा पाऊस असाच असतो, त्याला विजांचे मोठे ढग लागत नाहीत. सासूबाईंना मी एकदा म्हणाले की, हा पाऊस न बोलता कामे उरकणाऱ्या माणसासारखा आहे. त्या म्हणाल्या, "कामे कसली उरकतोय, माझे दार फुगवून ठेवले त्याने."

दार खरोखर फुगते. आषाढात आमच्या माडीवरच्या दाराला खांदा लावल्याशिवाय ते उघडत नाही. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, काड्यापेटी डब्यात जाते, चामड्याच्या चपलांवर बुरशीची पांढरी लव उगवते, आणि पंख्याखाली वाळलेल्या कपड्यांना असा एक वास येतो की, तो ज्याच्या त्याच्या बालपणाचा भाग होऊन बसतो. एवढे असूनही हा पाऊस गावभर सारखा नाही. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर यांच्या मधल्या खिंडीखालून एक जुना बोगदा काढलेला आहे. सज्जनगडाला आणि ठोसेघरला जाणारा रस्ता त्यातून जातो. बोगद्याच्या अलीकडे भुरभुर असावी आणि पलीकडे तोंडावर सपकारे मारणारी झड, हा अनुभव इतका नेहमीचा आहे की, पलीकडून आलेल्या माणसाला साताऱ्यात "कुठून आलात?" असे विचारावे लागत नाही. त्याच्या ओल्या खांद्यांवरून ते समजते.

डोंगर जे अडवून ठेवतो त्यातले थोडे पुढे तो परतही करतो. शाहू महाराजांचा १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि हे राजधानीचे गाव झाले, तेव्हा किल्ल्याखाली वाढणाऱ्या पेठांना पाणी कुठून आणायचे हा प्रश्न आलाच. नदी जवळ होती, पण ती खाली होती. आणि पाणी खालून वर आणणे ही यंत्रांच्या काळातली गोष्ट. म्हणून ते यवतेश्वराच्या बाजूने, उंचावरून, खापरी नळांतून आणले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात आणखी वर, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासला तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणीही उताराच्या भरवशावर गावात आले. अलीकडे त्याच्या बंधाऱ्याची उंची वाढवलेली आहे. मला या व्यवस्थेत एक मजा वाटते. जुलैत ज्या ढगांनी माझे कपडे वाळू दिले नाहीत, तेच ढग मार्चमध्ये माझ्या नळाला येतात.

कासच्या पठाराविषयी फार लिहिणार नाही. त्यावर सप्टेंबरात सगळे जग लिहिते, आणि शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते तिच्यात सापडल्यावर फुलांविषयी मनात येणारे विचार छापण्याजोगे नसतात. एवढेच सांगते की, त्या फुलांचे कारणही तोच पाऊस आहे. पठाराचा माथा जांभ्या खडकाचा, त्यावर मातीचा थर बोटभर. झाडाला मूळ धरायला जागा नाही आणि चार महिने पाणी तुंबून राहते. अशा ठिकाणी लहानखुऱ्या, घाईत असलेल्या वनस्पतीच टिकतात. तेरडा, सोनकी, गेंद, आणि मातीत काही मिळत नाही म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाणारी सीतेची आसवे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशात कासचा समावेश केला. आमच्या शेजारच्या आजी मात्र अजून त्याला 'तळ्याकडचा माळ' म्हणतात.

थंडीतही डोंगर आपले काम सोडत नाही, फक्त पाण्याऐवजी तो हवा खाली सोडतो. निरभ्र रात्री उतारावरची जमीन लवकर निवते, तिच्याजवळची हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखी वाट काढत वेण्णेच्या काठाकडे ओघळते. म्हणून किल्ल्याच्या अंगावर राहणाऱ्यांपेक्षा नदीकाठच्या वस्तीला पहाटे जास्त हुडहुडी भरते. 'जितके उंच तितके थंड' हा शाळेतला नियम पाठ असलेल्या माणसाला ते खरे वाटत नाही. त्याने पारा १० अंशांच्या आसपास उतरलेल्या एखाद्या डिसेंबरच्या सकाळी किल्ल्याच्या उतारावरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चढून जावे. खाली वेण्णेचे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले असते आणि आपण उन्हात उभे असतो. त्याच वेण्णेच्या उगमाकडे, महाबळेश्वरच्या तळ्याकाठी, काही पहाटे दवसुद्धा गोठते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र हमखास येते.

मग फाल्गुन-चैत्रात डोंगर पिवळा होतो आणि कुठे ना कुठे वणवा लागतो. रात्री यवतेश्वरच्या कड्यावर आगीची नागमोडी रेघ सरकताना दिसते. लांबून ती देखणी दिसते, याची मला दर वेळी लाज वाटते. सकाळी तिथे काळा डाग उरलेला असतो. दुपारचे तापमान ३८-३९ अंशांवर जाते, पण सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात वारा सुटतो, आणि या वाऱ्याच्या बळावर साताऱ्याची माणसे पुण्याच्या पाहुण्यांसमोर जरा मिजास करतात. याच दिवसांत कोकणात उतरलेले धनगरांचे कळप घाटावर परतू लागतात. दिवाळीनंतर चाऱ्यासाठी ते पश्चिमेला जातात आणि मृगाच्या आत पुन्हा पूर्वेच्या कोरड्या माळांकडे निघतात, कारण मेंढीला सततचा ओलावा सोसत नाही. पाचगणी आणि वाईचे आकडे त्यांनी कुठे वाचलेले नसतात. त्यांचा सगळा संसार त्या आकड्यांवरूनच चालत जातो.

इतक्या वर्षांत मीही पुरती पश्चिमेची झाले. इतकी की, वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या वळवाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला, ही दिशा उपयोगाची नसते, हे मी विसरून गेले. हे दोन्ही पाऊस तापलेल्या जमिनीवर दुपारी उभे राहणाऱ्या ढगांचे असतात आणि आमच्याकडे ते बहुतेकदा पूर्वेकडून येतात. माणदेशाला जे काही मिळते त्यातले पुष्कळसे या परतीच्याच पावसाचे. जुलैत मी दहिवडीला फोन करून "इकडे उघडतच नाही" असे म्हटले की आई क्षणभर गप्प होते आणि मग जनावरांच्या चाऱ्याविषयी बोलते. ऑक्टोबरात मात्र बोलण्याची पाळी तिची असते.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मी घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन गच्चीवर टाकल्या होत्या. एकूण नऊ. ऊन कडकडीत होते. दुपारी तीनच्या सुमारास आईचा फोन आला. तिच्या आवाजामागे गडगडाट ऐकू येत होता.

"अगं, इकडं लई अंधारलंय. वारं समदं तुझ्याकडंच निघालंय. वाळवण असलं तर काढ."

"बघते," म्हणून मी खिडकीशी गेले. यवतेश्वर पायथ्यापासून माथ्यापर्यंत लख्ख होता, घाटातल्या वळणावरची एस. टी.सुद्धा दिसत होती. मी चहा ठेवला.

संध्याकाळी त्या नऊ गोधड्या जिन्यावरून खाली आणायला दोन माणसे लागली. सासूबाईंना आता माडी चढवत नाही. त्या जिन्याच्या तळाशी उभ्या राहून पायऱ्यांवरून ओघळणारे पाणी पाहत होत्या. "यवतेश्वर दिसत होता ना?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "स्वच्छ दिसत होता."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पायपुसणे आणायला आत गेल्या.