लग्नाचा दाखला आणि गावचं दप्तर

कोकणातल्या लग्नाची नोंद शोधताना पहिला प्रश्न, नोंद केली कुठे, गावात की मुंबईत? कारण आपली अर्धी बिऱ्हाडं मुंबईत, लग्न गावी मे महिन्यात, आणि दाखला मात्र कुणीतरी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून काढलेला असतो. गावात निबंधक, म्हणजे लग्नाची नोंद करणारा अधिकारी, हा ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), शहरात नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा अधिकारी.

काकीच्या पासपोर्टसाठी आमच्या ग्रामपंचायतीत गेलो तर पावसाळ्याच्या ओलीने रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटलेली, भाऊंनी फुटपट्टी घालून एकेक सोडवली. आणि हो, नोंद लग्नाच्या तारखेने शोधू नका, रजिस्टर नोंदणीच्या तारखेने चालतं, लग्न मे मधलं असलं तरी नोंद दिवाळीनंतर सापडू शकते. जुना दाखला असेल तर त्यावरचा नोंदणी क्रमांक घेऊन जा, काम झटपट होतं.

नोंदच नसेल तर आता करता येते, उशीर झाला म्हणून घाबरायचं नाही, फी थोडी वाढते इतकंच. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद लग्नापासून ९० दिवसांत करायची असते, ३ साक्षीदार लागतात, आणि फॉर्मवर भटजींचीही सही लागते, त्यामुळे भटजी पुढच्या लग्नाला पळायच्या आत मांडवातच सही घ्या. पत्रिका आणि फोटो तर आपल्याकडे कपाटात असतातच!