आमची वाटचाल : नाटकाच्या स्पीकरपासून पोकर स्पर्धेच्या घड्याळापर्यंत

आमचा व्यवसाय मूळचा ध्वनिव्यवस्थेचा. म्हापसा आणि आसपासच्या गावांतील जत्रांमधली नाटके, लग्नसमारंभ आणि शाळांची स्नेहसंमेलने यांना माइक व स्पीकर पुरवण्याचे काम वडिलांनी सुरू केले आणि पुढे ते माझ्याकडे आले. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग पोकर स्पर्धांसाठी तयार केलेल्या घड्याळाच्या ॲपमधून येतो. पडद्यावर मिनिटे-सेकंद दाखवणारी ॲप्स बाजारात पुष्कळ आहेत. आमच्याकडे ग्राहक येतात ते ठरलेल्या क्षणी, कोणी बटण न दाबता, हॉलमधल्या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचणाऱ्या सूचनेसाठी.

गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंना, आणि पुढे मांडवीच्या पात्रात पोकरच्या स्पर्धाही भरू लागल्या. अशाच एका स्पर्धेसाठी आम्हाला केवळ स्पीकर बसवण्याचे काम मिळाले होते. घड्याळ मोठ्या पडद्यावर चालत होते, मात्र लेव्हल, म्हणजे स्पर्धेचा ठरावीक मिनिटांचा टप्पा, बदलल्याची घोषणा फ्लोरवरचा, म्हणजे हॉलमध्ये फिरून खेळावर देखरेख करणारा, माणूस माइकवरून करत असे आणि तो एखाद्या टेबलावरचा वाद सोडवण्यात गुंतला की घोषणेला उशीर होई. हे काम यंत्राने करायला हवे, हे तिथेच पटले.

याचे महत्त्व पोकर न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगतो. स्पर्धेत साधारण वीस, तीस किंवा चाळीस मिनिटांची एक लेव्हल असते आणि प्रत्येक लेव्हलला ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच भरावी लागणारी रक्कम, वाढत जाते. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या २००१ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या नियमांनुसार नवी लेव्हल जाहीर झाल्यानंतरच्या डावाला नवे ब्लाइंड लागू होतात, आणि डीलरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याने, पत्ते पिसायला घेतले किंवा पिसण्याच्या यंत्राचे बटण दाबले की डाव सुरू झाला असे धरले जाते. जवळच्या टेबलाला घोषणा ऐकू आली आणि कोपऱ्यातल्या टेबलाला ती कळायला पाच सेकंद जास्त लागले, तर तेवढ्यात कोपऱ्यातला डीलर पत्ते पिसायला घेतो आणि तो डाव जुन्याच ब्लाइंडवर खेळला जातो. ५००–१००० च्या लेव्हलला, म्हणजे लहान ब्लाइंड ५०० आणि मोठे १००० असताना, मोठे ब्लाइंड भरणाऱ्याने सगळ्या टेबलाच्या वतीने द्यायची १००० ची बिग ब्लाइंड अँटी असेल तर टेबलाच्या एका फेरीत खेळाडूचे २५०० किमतीचे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, जातात. ६००–१२०० ला, १२०० च्या अँटीसह, तेच ३००० होतात. ज्याच्यापुढे दहा हजारच उरले आहेत, त्याच्यासाठी हा फरक स्पर्धेत टिकण्याचा किंवा बाहेर पडण्याचा असतो. ही सूचना सर्वांना एकाच वेळी मिळणे हा खेळाडूंचा हक्क आहे, असे मी मानतो.

आवाज कोणता असावा यावर आम्ही सर्वाधिक विचार केला. पोकरच्या हॉलमध्ये चिप्सचा खळखळाट अखंड चालू असतो, कारण विचार करताना खेळाडूंची बोटे त्यांच्याशी सतत चाळा करत असतात. हा आवाज वरच्या पट्टीतला आणि तीक्ष्ण असतो, तर वातानुकूलन यंत्रांची आणि जहाजावर जनरेटरची घरघर खालच्या पट्टीतली असते. भांडे आपटल्यासारखी किणकिण वाजवली तर ती चिप्समध्ये हरवते आणि जड घंटानाद घरघरीत बुडतो. नाटकाच्या प्रयोगात संवादांसाठी आम्ही जी मधली पट्टी मोकळी ठेवत असू, तिथेच दोन स्वरांची सूचना बसवली. त्यानंतर क्षणभर शांतता आणि मग माणसाच्या आवाजात नव्या ब्लाइंडचे आकडे. स्वर ऐकून डीलरचे हात थांबतात आणि आकडे नीट ऐकले जातात.

ॲपमध्ये लेव्हलच्या प्रत्येक ओळीसमोर सूचनांचा रकाना आहे. लेव्हल संपण्याआधी एक मिनिट, लेव्हल संपताना, ब्रेक सुरू होताना, ब्रेक संपण्याआधी दोन मिनिटे, लेट रजिस्ट्रेशन, म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यानंतरची नावनोंदणी, बंद होताना आणि लहान किमतीच्या चिप्स बदलून घेण्याच्या वेळी काय वाजावे, हे तिथे एकदाच ठरवायचे असते. स्पर्धा चालवणाऱ्या डायरेक्टरने घड्याळ थांबवले की पुढच्या सगळ्या सूचना तेवढ्याच पुढे सरकतात. त्यासाठी ॲप सेकंद मोजत बसत नाही, लेव्हल किती वाजता संपणार ती वेळ लक्षात ठेवते आणि घड्याळ पुन्हा सुरू होताच ती नव्याने ठरवते.

तांत्रिक अडचणी मात्र दर काही वर्षांनी नव्या आल्या. एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ब्राउझरने वापरणाऱ्याच्या स्पर्शाशिवाय आपोआप आवाज वाजवण्यावर बंधन घातले, म्हणून स्पर्धा सुरू करण्याच्या बटणालाच आम्ही आवाजाची परवानगी जोडली. २०२१ मध्ये क्रोममध्ये मागे गेलेल्या, आवाज नसलेल्या पानांचे टायमर पाच मिनिटांनंतर मिनिटातून एकदाच तपासले जाऊ लागले. डायरेक्टर दुसऱ्या पानावर आसनव्यवस्था पाहत असेल तर सूचना जवळपास मिनिटभर उशिरा वाजण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली. अँड्रॉइड फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था हा वेगळाच विषय. त्याहून चिवट ठरले ते टीव्ही आणि ब्लूटूथ स्पीकर, कारण बराच वेळ काही वाजले नाही की ते झोपी जातात आणि जागे होताना सूचनेचा पहिला अर्धा सेकंद गिळतात. कानाला जाणवणार नाही इतका क्षीण आवाज सतत चालू ठेवला की स्पीकर जागा राहतो आणि ब्राउझरही मागे गेलेल्या पानाचे टायमर मंद करत नाही. एका उपायाने दोन्ही प्रश्न सुटले, याचे आम्हा सर्वांना मनापासून समाधान आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत झाला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा अनेक ग्राहकांनी काळजीने फोन केले. आमच्या ॲपमध्ये पत्ते वाटले जात नाहीत, कोणाचे पैसे जमा होत नाहीत आणि कोणाला बक्षीसही दिले जात नाही. ते समोरासमोर बसून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेचे घड्याळ आहे, हे आम्ही प्रत्येकाला लेखी कळवले. स्पर्धा कायदेशीर जागी भरते आहे, असे आयोजकाकडून लिहून घेण्याची पद्धत आमच्याकडे त्याआधीपासूनच आहे.

आता हेच सूचनांचे तंत्र बुद्धिबळाच्या आणि कॅरमच्या स्पर्धांचे आयोजकही मागू लागले आहेत. त्यांच्यासाठी स्वर सौम्य ठेवावे लागतात आणि बोललेली घोषणा बहुतेक वेळा नकोच असते. पोकरच्या आयोजकांना आमची विनंती मात्र कायम आहे : पहिला डाव वाटण्यापूर्वी हॉल भरलेला असताना, खेळाडूंच्या हातात चिप्स असताना, एकदा सूचना वाजवून पाहावी आणि सर्वांत दूरच्या टेबलावरच्या डीलरला ती ऐकू आली का, हे त्याच्यापाशी जाऊन विचारावे. रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये पुरत नाही, आणि आवाज किती वाढवायचा हे त्या डीलरच्या उत्तरावरूनच ठरते.