उपदेश करायला शिकताना

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत, जाण्यापूर्वी मी पुष्कळ उपदेश ऐकले होते, परंतु उपदेश तयार कसा होतो हा प्रश्न मंडळीत बाकावर बसून ऐकणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. उपदेशशास्त्राच्या वर्गात तो प्रथमच माझ्यासमोर आला, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात वक्तृत्वापासून होत नाही, हे पहिल्या काही आठवड्यांतच ध्यानात आले. आमच्या प्राध्यापकांनी घालून दिलेला क्रम ठरलेला होता. नेमून दिलेला शास्त्रभाग आधी मोठ्याने वाचायचा. मग त्याच्या मागचे आणि पुढचे अध्याय वाचायचे. हे शब्द कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले ते पाहायचे. आणि भाष्यग्रंथ उघडायचे ते त्यानंतरच. एवढे झाले की वहीत दोन वाक्ये लिहायची: हा भाग काय सांगतो, आणि तो ऐकणाऱ्यापुढे काय ठेवतो. ही दोन वाक्ये जमल्याखेरीज आराखड्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

हा दंडक किती मोलाचा आहे, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायाने मला दाखवले. उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो आणि वाट्याची मालमत्ता उधळून धाकटा मुलगा बापाच्या घरी परतला की आपल्या लेखी गोष्ट संपते. पण अध्यायाच्या आरंभीच्या ओळी वाचल्या की दिसते, येशू पापी लोकांना जवळ करून त्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियमांचे काटेकोर पालन करणारे आणि ते शिकवणारे, कुरकुर करत आहेत, आणि हा दाखला धरून अध्यायातले तिन्ही दाखले त्या कुरकुरीचे उत्तर म्हणून सांगितलेले आहेत. त्यामुळे धाकट्याच्या स्वागतावर रागावून दारात अडून राहिलेला थोरला भाऊ हा गोष्टीचा शेवटचा तुकडा उरत नाही. गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. नेमाने उपासनेला येणाऱ्या मंडळीपुढे हा दाखला मांडायचा असेल, तर तिला त्या दारापाशी न्यावेच लागते.

विषयावर आधारलेला, एकाच वचनावर आधारलेला आणि सलग शास्त्रभागाचे विवरण करणारा असे उपदेशाचे प्रकार आम्हाला शिकवले गेले. माझा कल तिसऱ्याकडे आहे, कारण विषय आपणच निवडू लागलो की आपल्या आवडीची वचने पुन्हा पुन्हा वर येतात आणि अवघड भाग वर्षानुवर्षे मिटलेलेच राहतात.

प्रत्यक्ष सेवेच्या अनुभवासाठी मला नाशिकला पाठवण्यात आले. येथील पाळकसाहेबांनी मला लगेच पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभे केले नाही. सुरुवातीचे कित्येक रविवार माझ्याकडे केवळ शास्त्रपाठाचे वाचन होते. ‘लोकांना वचन नीट ऐकू आले, तर अर्धा उपदेश तिथेच झाला,’ असे ते म्हणत. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेने नाशिकला वसवलेल्या शरणपूरची आठवणही त्यांनीच करून दिली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट यांनी 1873 साली मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे हृदय आफ्रिकेत पुरले गेले तेव्हा दफनविधीची उपासना वाचली. आपल्या गावात वाचायला शिकलेल्या एका तरुणावर हे काम आले, हे कळल्यापासून शास्त्रपाठाकडे मी दुय्यम काम म्हणून पाहू शकलेलो नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील लांबच लांब वाक्ये वाचण्यापूर्वी मी आजही पेन्सिलीने श्वासाच्या जागी बारीक तिरपी रेघ मारतो, आणि ज्या शब्दावर अर्थ तोललेला आहे त्याच्याखाली टिंब देतो.

पुढे माझ्याकडे योहानाच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय आला. द्राक्षवेल आणि फाटे यांविषयीचा हा भाग नाशिकच्या मंडळीपुढे मांडायचा, तर ऐकणाऱ्यांत त्या कामाचे जाणकार असणार, हे उघडच होते. म्हणून मी मंडळीतील एका वडीलजनांच्या दिंडोरीकडील बागेत गेलो. कात्री हातात घेऊन त्यांनी मला ओलांड्यावरची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरची, एक काडी दाखवली आणि म्हणाले, ‘दादा, एप्रिलात आम्ही खरड छाटणी करतो. हिरवं काही ठेवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाग गेली. पण तेव्हा फळ धरायचंच नसतं, काडी तयार करायची असते. घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, आतल्या आत धरतो. फळाची छाटणी ऑक्टोबरात.’

त्या वाक्यांनी मला शास्त्रभाग पुन्हा उघडायला लावला. त्या अध्यायातला माळी न फळणारा फाटा काढून टाकतो आणि फळणारा फाटा साफसूफ करतो. दोन्ही वेळा हत्यार चालते, पण हेतू निराळा असतो. ज्यांच्या घरी नुकतेच नुकसान, आजार किंवा मृत्यू येऊन गेला आहे, अशा माणसांना आपण काढून टाकलेले फाटे आहोत असे वाटू शकते, आणि छाटलेल्या वेलीकडे पाहून माळ्याचा हेतू ओळखता येत नाही, ही गोष्ट त्यांना शेतकऱ्याच्या तोंडून अधिक पटते. मात्र पाळकसाहेबांनी येथे मला एक मर्यादा घालून दिली, आणि ती मला योग्य वाटते. येशूच्या देशात वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतो आणि मुख्य छाटणी तेव्हाच होते. वर्षातून दोनदा छाटणी ही आपल्याकडील हवामानाची गरज आहे. तेव्हा खरड छाटणी हे उदाहरण म्हणून जरूर सांगावे, पण ती योहानाच्या मनात होती असे भासवू नये. ‘मला एका शेतकरी बांधवांनी दाखवले’ असे म्हणून मी ते सांगितले, आणि ‘वचन म्हणते’ हे शब्द केवळ वचनासाठी राखून ठेवले.

लेखनाविषयी थोडक्यात सांगतो. मी उपदेश पूर्ण लिहितो, मोठ्याने वाचतो, उच्चारताना अडणारी वाक्ये तोडतो आणि शेवटी एका पानावर टिपणे उतरवून तेवढेच पान वर नेतो. पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही कीर्तनाची घडण मराठी ख्रिस्ती कीर्तनकारांनीही चालवली आहे, आणि परक्या धाटणीच्या तीन मुद्द्यांच्या आराखड्यापेक्षा अनेकदा तीच आपल्या माणसांच्या कानाला जवळची वाटते, असे माझे मत आहे. मंडळीत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून थेट आलेले कामगार असतात. त्यांच्यासाठी वीस मिनिटांच्या आत थांबणे हा मला आदराचाच भाग वाटतो.

सध्या माझ्याकडे बायबलमधील स्तोत्र 88 आहे. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे अंधारातच संपते. उपदेशात आशेचा शब्द किती आणि कोठून आणावा, यावर पाळकसाहेबांचे आणि माझे बोलणे अजून चालू आहे. स्तोत्रकर्ता उत्तर मिळत नसतानाही देवाशीच बोलत राहतो, त्या बोलण्यातच उपदेशाचा आधार शोधावा, असे मला वाटते. पुनरुत्थानाचा उल्लेख टाळू नये, असे ते म्हणतात. वहीत पहिले वाक्य लिहून झाले आहे. दुसरे लिहिण्यापूर्वी मंडळीतील ज्या दोन कुटुंबांत दीर्घ आजार आहे त्यांना या आठवड्यात भेटून यायचे, असे आमचे ठरले आहे.