पूर, पाच दलं आणि एक नकाशा

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत लष्कर, नौदल, हवाई दल, तटरक्षक दल आणि एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) सगळेच एका वेळी कामाला लागले होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पाणी 55 च्याही वर गेलेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद. अशा वेळी बोटी कमी पडतात हे खरंच. पण भलत्याच वाडीला गेलेली बोट त्याहून महागात पडते.

आधी अधिकाराचं बघू. 2005 च्या कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पण जवानांना हुकूम ते सोडत नाहीत. काम ते सांगतात. किती माणसं, कुठली बोट, कुठून शिरायचं हे तुकडीचा अधिकारी ठरवतो. त्यामुळे मागणीपत्रात ‘दोन हेलिकॉप्टर पाठवा’ असं लिहू नये. ‘अमुक वाडीत शाळेच्या गच्चीवर 60 माणसं, 4 अंथरुणाला खिळलेली, एक गरोदर, अंधाराआधी काढायची’ असं लिहावं. मग हेलिकॉप्टर की बोट, ते ज्याचं त्याला कळतं.

खरा घोळ नकाशाचा. तलाठी गावाचं नाव आणि गट नंबर सांगतो, लष्कर ग्रिडवर (नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांवर) चालतं, वैमानिकाला अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत लागतात आणि मोबाईल दाखवतो दशांशात. कोल्हापूर साधारण 16 अंश 42 मिनिटांवर आहे, म्हणजे दशांशात 16.70. घाईत कुणी ते ‘16.42’ लिहिलं की ठिकाण 31 किलोमीटर दक्षिणेला सरकलं. नियंत्रण कक्षात एकच पद्धत ठरवून ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा आणि वायरलेसवर आकडा परत म्हणून घ्या. वेळेचंही तेच: विमानांचे हवामान अहवाल जागतिक वेळेत (यूटीसी) असतात, त्यातले 0630 म्हणजे आपले दुपारचे बारा.

हेलिकॉप्टर उतरवायला फक्कीने काढलेला ‘एच’ पहिल्याच सरीत वाहून जातो. पांढरं कापड वापरायचं तर चारही बाजूंनी खुंट्या ठोकून. सैल राहिलं तर पंख्याच्या वाऱ्याने उडून थेट पात्यांत. मैदानावरची ताडपत्री, रिकामी पोती आधी उचला. जवळून तार जात असेल तर महावितरणकडून ‘लाईन बंद’ हे लेखी घ्या. ‘बहुतेक बंद आहे’ यावर कुणी जीव टांगू नये.

बोटीचा हिशेब कागदावर मांडा. दहा जणांच्या बोटीत चालवणारे दोन आणि वाट दाखवणारा एक, उरले सात. गाव 400 चं असेल तर 58 फेऱ्या. एक फेरी 25 मिनिटांची धरली तर एका बोटीला 24 तासांहून थोडं जास्तच. तीन बोटी असतील तर आठ तासांहून थोडं जास्त, म्हणजे उजेडात जमतं. सातच्या जागी बारा बसवून फेऱ्या वाचवायचा मोह आवरा. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला त्याच पुरात 8 ऑगस्टला गच्च भरलेली बोट उलटली, तो घाव अजून ताजा आहे.

वाटाड्या गावचाच हवा, पट्टीचा पोहणारा. पाण्याखाली विहिरीचा कठडा कुठे, उसाचा फड कुठे, बुडालेली तार कुठे, हे त्यालाच ठाऊक. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्यावर नजर ठेवा. धार थांबली की पाला किंवा प्लॅस्टिक अडकलंय. लगेच इंजिन बंद करा, नाहीतर तापून बसलंच समजा. टू-स्ट्रोक इंजिन असेल आणि बनवणाऱ्याने पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 सांगितलं असेल तर पेट्रोलच्या लिटरमागे 20 मिली तेल. तालुक्यातून आलेल्या कॅनमध्ये ते आधीच मिसळलंय का, हे कॅनवर खडूने नको, रंगाने लिहा.

आणि मोजणी. बोटवाले एक आकडा सांगतात, छावणी दुसरा, कारण निम्मी माणसं काठावर उतरून परस्पर पाहुण्यांकडे जातात. मग रात्री ‘अजून तीस राहिलेत’ म्हणून त्याच वाडीला पुन्हा बोट सुटते. उतरायच्या जागी वही घेऊन तलाठी बसवा: नाव, गाव, कुठे चालले. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि हातात पेन्सिल, कारण पावसात शाई पसरते.