तुम्ही विचारलंत म्हणून: दैव मानता, मग राग कसला?

“तुम्ही दैव मानता ना? मग युद्धाची बातमी आली की एवढ्या का चिडता? ज्याचं मरण जिथे लिहिलंय तिथेच येणार.” हा प्रश्न मला इतक्या जणांनी आणि इतक्या समजुतीच्या सुरात विचारलाय, की आता एकदाच सविस्तर उत्तर देते. पटलं नाही तरी चालेल. पण राग धरून मी साधना वाया घालवते आहे, असं यापुढे तरी म्हणू नका.

हो, मी दैव मानते. ९ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेलं विमान आधी कोकुरा शहरावर गेलं होतं. तीनदा फेऱ्या मारल्या, पण खाली ढग आणि धूर. नेम धरायची जागा दिसेना. इंधन संपत आलं, विमान नागासाकीकडे वळलं. तिथेही ढग होते, पण त्यांत फट सापडली. वर्ष संपेपर्यंत नागासाकीतली सुमारे ७०,००० माणसं गेली. कोकुराच्या लोकांनी त्या सकाळी कोणतं पुण्य केलं होतं? नागासाकीतल्या तान्ह्या मुलांचं कोणतं पाप होतं? याला दैव म्हणू नये तर काय म्हणावं, मला सुचत नाही.

पण दैव होतं ते ढगांत. विमानात नव्हतं. बॉम्ब माणसांनी घडवला, शहरांची यादी माणसांनी केली, हुकूम माणसांनी दिला. त्या यादीतून क्योटोचं नाव काढायला अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनीच लावलं. म्हणजे नाही म्हणता येत होतं. एका शहरापुरतं ते म्हटलंही गेलं. मग बाकीच्या शहरांना तेवढं प्रारब्ध कसं लागू होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

महाभारत तुम्ही मला ऐकवता, म्हणून तिथलंच सांगते. त्यात उठता बसता दैवाचं नाव घेणारा माणूस आहे धृतराष्ट्र. ज्याच्या एका शब्दाने द्यूत थांबलं असतं, तो. संजय त्याला पुन्हापुन्हा सुनावतो, की राजा, हा तुझाच अपराध आहे, आता ऐकण्यापुरता तरी धीर धर. आणि गांधारी? शंभर मुलगे गमावलेली ती बाई दैवाच्या आड लपत नाही. ती थेट श्रीकृष्णाला विचारते, की तुझ्या अंगी सामर्थ्य होतं, तरी हा संहार तू होऊ का दिलास? ती त्याला शाप देते. तो शाप घेतो. आणि उलट तिलाही सांगतो, की दुर्योधनाला तू पाठीशी घातलंस, दोष तुझाही आहे. दैव तिथे हजर आहेच. पण ‘दैव होतं’ म्हणून ते दोघं एकमेकांना सोडून देत नाहीत. माझी सगळी श्रद्धा त्या संवादाशेजारी उभी आहे.

आता ते सांगते, जे मी आजवर टाळत आले.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा मुलगा युद्धात गेला. तोफगोळ्याने. त्यानंतर त्यांच्या घरी एक नावाजलेले प्रवचनकार आले होते. माणूस वाईट नव्हता, आवाजात माया होती. म्हणाले, “त्याचं एवढंच देणं होतं. मागच्या जन्मीचा हिशोब पुरा झाला. मारणारा फक्त निमित्त.” काकू मान हलवत होत्या. मला ते ऐकवेना. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “निमित्त कसं? गोळा कुणीतरी भरला, कुणीतरी डागला, आणि हे युद्ध हवं असं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं. तो एकवीस वर्षांचा होता. त्याने कुणाचं काय देणं ठेवलं होतं?”

खोली गप्प झाली. प्रवचनकार काही बोलले नाहीत. बोलल्या त्या काकू. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “तू म्हणतेस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण ते खरं धरलं की रात्री मी त्या माणसाचं तोंड शोधत बसते. तो केवढा असेल, त्याला आई असेल का, आणि माझा गोळा तिच्या मुलाला लागला असता तर मला बरं वाटलं असतं का. वाटलं असतं गं. हे मला वाटायला नको आहे. मला दैवच असू दे. तू आता जा.”

मी गेले. त्यानंतर त्या माझ्याशी कधी मोकळेपणाने बोलल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, बघा, म्हणजे दैवच औषध ठरलं. ठरलं असेल. त्यांच्या हातून ते काढून घ्यायचा मला हक्क नव्हता, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, की ते औषध त्यांनी स्वतः घेतलं असतं तर वेगळं, इथे ते त्यांना दुसऱ्याने पाजलं. आणि त्याच वाटीतून खुर्चीतला माणूसही घोट घेतो आणि शांत झोपतो. आजही ते वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी गप्प बसेन, याची खात्री देत नाही.

तरुणपणी मला हे सगळं सोपं वाटे. दुष्टाला कर्म सोडत नाही, त्याला एक दिवस पश्चात्ताप होतो, की झालं, हिशोब मिटला. तेव्हा मी कलिंगाचं उदाहरण हिरिरीने द्यायचे. तेराव्या शिलालेखात अशोक स्वतः सांगतो, की एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हलवली गेली, आणि त्याचं मला दुःख आहे. ते दुःख मला आजही खरं वाटतं. पण पुढे कळलं, की खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, हा लेख कोरलेलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. शिवाय त्याच पश्चात्तापाच्या लेखात अरण्यवासी लोकांना ताकीद आहे, की राजाला दुःख झालं असलं तरी त्याचं सामर्थ्य विसरू नका. ज्या आयांची मुलं गेली त्यांच्या दारात ते दुःख पोहोचलंच नाही. मग हिशोब मिटला तो कुणाचा? माझ्यातली ती तरुण मुलगी यावर म्हणते, “निदान त्याला दुःख तरी झालं. बाकीच्यांना तेही होत नाही.” तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

तेव्हा मला विचारताना आधी एवढं सांगा, की तुम्ही मेलेल्याबद्दल विचारताय की मारणाऱ्याबद्दल. मेलेल्याच्या आईने दैव म्हटलं तर मी आता तिच्याशी वाद घालणार नाही. हुकूम देणाऱ्याने म्हटलं तर घालेन. आणि दैव जर सगळ्यांचं एकच असेल, तर मी असा भेद कोणत्या आधारावर करते, हे तुम्ही विचारण्याआधी मीच स्वतःला विचारून बसले आहे.